जुना झेडएक्स स्पेक्ट्रम सुरू करताय? आधी या चुका टाळा

माळ्यावरच्या खोक्यातून स्पेक्ट्रम, म्हणजे ऐंशीच्या दशकातला घरगुती कॉम्प्युटर, निघाला की हात शिवशिवतात. घरात पडलेला एखादा नऊ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर लावायचा, टीव्हीला वायर जोडायची आणि चालतोय का ते बघायचं. कृपा करून असं करू नका. माझ्याकडे आलेली कितीतरी मशीन इतकी वर्षं खोक्यात धडधाकट होती. ती मेली पुन्हा सुरू करण्याच्या पहिल्या पाच मिनिटांत.

२३ एप्रिल १९८२ रोजी केंब्रिजच्या सिंक्लेअर रिसर्चने हे मशीन बाजारात आणलं. किंमत १६ केबी मेमरीच्या मॉडेलला १२५ पौंड आणि ४८ केबीला १७५ पौंड. इतक्या कमी किमतीत रंगीत चित्र देणारा कॉम्प्युटर द्यायचा म्हणून क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या माणसांनी एकेक पेनी वाचवली. आज बिघाड शोधताना ती काटकसर जागोजागी भेटते. भारतात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन ‘डीबी स्पेक्ट्रम+’ विकला होता, त्यामुळे आपल्याकडच्या घरांतही तो अधूनमधून सापडतो.

सगळ्यात महागात पडते ती अ‍ॅडॉप्टरची चूक. आपल्या दुकानांत मिळणाऱ्या बहुतेक अ‍ॅडॉप्टरच्या प्लगमध्ये आतली बाजू पॉझिटिव्ह असते. स्पेक्ट्रमला ती निगेटिव्ह लागते, आणि उलटी वीज अडवायला आत साधा डायोडही नाही. मल्टिमीटरची लाल पिन प्लगच्या भोकात आणि काळी बाहेरच्या धातूला लावा. आकड्याआधी वजाचं चिन्ह दिसलं तरच तो प्लग मशीनला जोडा. करंटही पुरेसा हवा: मूळ अ‍ॅडॉप्टर १.४ अँपियरचा आहे. तो मूळचा हाताशी असेल तर एक गैरसमज दूर करून ठेवतो. नुसता मोजला तर तो १२ व्होल्टच्याही वर दाखवतो. तो रेग्युलेटेड नाही, भार पडल्यावर खाली येतो. बिघडला समजून फेकू नका.

मशीनला पॉवरचं बटणच नाही. म्हणून काही जण मशीन चालू असतानाच मागच्या पट्टीत जॉयस्टिकचा इंटरफेस सरकवतात. त्या पट्टीवर ९, ५ आणि १२ व्होल्ट असे सगळे दाब जवळजवळ बसलेले आहेत. इंटरफेस जरासा तिरका गेला तरी शॉर्ट होतो. आधी प्लग काढा, मग काय लावायचं ते लावा.

आता खोलणं. खालचे पाच स्क्रू काढले की झाकण सरळ वर उचलू नका. कीबोर्डच्या दोन पातळ प्लॅस्टिकच्या पट्ट्या बोर्डावरच्या सॉकेटमध्ये अडकलेल्या असतात आणि चाळीस वर्षांत त्या पापडासारख्या कडक होतात. माझ्या हातून पहिल्या मशीनची पट्टी अशीच गेली. बारीक ‘कट्’ असा आवाज आला आणि पाच बटणांच्या ओळी बंद पडल्या. झाकण दोन बोटं वर धरा आणि पट्ट्या सॉकेटमधून सरळ, हळू ओढा. तुटलीच तर जोडत बसू नका. नवे मेंब्रेन (बटणांखालचा, या पट्ट्यांसकटचा पातळ पडदा) आजही बनतात. फक्त रबरी बटणांच्या मॉडेलचं आणि स्पेक्ट्रम+चं मेंब्रेन वेगळं असतं, एवढं बघून मागवा.

पडद्यावर रंगीत चौकोनांचा कचरा दिसला की बहुतेक जण चित्र तयार करणाऱ्या युएलए या मोठ्या आयसीवर बोट ठेवतात आणि तो उपटायला घेतात. फेरांटीने खास या मशीनसाठी बनवलेला तो आयसी शेवटी तपासायचा. आधी खालच्या १६ केबी मेमरीचे आठ ४११६ आयसी बघा. त्यांना तीन दाब (व्होल्टेज) लागतात: पाय क्र. १ वर उणे ५, ८ वर १२ आणि ९ वर ५ व्होल्ट. त्यातले १२ आणि उणे ५ बोर्डावरची एक छोटी कॉइल आणि टीआर४ नावाचा ट्रान्झिस्टर मिळून तयार करतात. टीआर४ गेला की ते दाब बिघडतात. उणे ५ नसताना १२ व्होल्ट पोचत राहिले तर ४११६ एकामागून एक जळतात. म्हणून उणे ५ दिसला नाही तर त्याच क्षणी प्लग काढा. ‘जरा वेळ चालू ठेवून बघू’ म्हणणाऱ्यांनी मेमरी घालवलेली मी पाहिली आहे. टीआर४ बदला, टीआर५ही तपासा, दाब बरोबर आले की मगच मेमरीकडे वळा.

वरच्या ३२ केबीची गोष्ट मला फार आवडते. तिथे ६४ किलोबिटच्या अशा आयसी वापरल्या, ज्यांचा एक अर्धा भाग कारखान्यातच सदोष निघाला होता. चांगला अर्धा तेवढा वापरायचा आणि पैसे वाचवायचे! त्यामुळे बदलताना मिळेल ती ४५३२ (अशी अर्धी चांगली आयसी) बसवू नका. तिचा चांगला अर्धा भाग कुठला आणि बोर्डावरचा जोड कुठला ते जुळावं लागतं. पूर्ण चांगली ६४ किलोबिटची ४१६४ घाला, प्रश्न मिटतो.

कीबोर्ड बिघडला अशी तक्रार करण्याआधी एक लक्षात घ्या: ‘J’ हे बटण दाबल्यावर ‘लोड’ हा अख्खा शब्द उमटतो, ‘P’ दाबल्यावर ‘प्रिंट’. इथे बेसिक या प्रोग्रॅमिंग भाषेचे शब्द अक्षर-अक्षर टाइप करायचे नसतात.

टीव्हीवर चित्रच येत नसेल तर यूएचएफ चॅनेल ३६ शोधा. नवे टीव्ही हा सिग्नल पुष्कळदा पकडत नाहीत. अशा वेळी तो सिग्नल बनवणारा मॉड्युलेटर बाजूला ठेवून कंपोझिट व्हिडिओ काढून घेणं बरं. प्लस३ हे नंतरचं, डिस्क ड्राइव्हवालं मॉडेल असेल तर ड्राइव्हचा पट्टा आधीच बदला, तो चिकट होऊन विरघळलेला असतो.

स्पेक्ट्रमचे प्रोग्रॅम कॅसेटवर असतात; कॅसेट कोकणातल्या घरातली असेल तर फितीवर पांढरी बुरशी आहे का बघा. तशीच वाजवलीत तर ती हेडला आणि तिथून पुढच्या कॅसेटला लागते. प्रोग्रॅम लोड करताना पडद्याच्या कडेला आधी लाल-आकाशी जाड पट्ट्या स्थिर दिसायला हव्यात. त्या थरथरत असतील तर आवाज कमी-जास्त करा, तरी जमलं नाही तर हेडचा कोन तपासा. सेव्ह करताना मात्र ‘इअर’ सॉकेटची (कॅसेटचा आवाज मशीनला देणारी) वायर काढून ठेवा.

सगळं जुळलं की हे लिहा: प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३. उत्तर ३२७६७ आलं तर वरची मेमरी एक तर नाही किंवा गेलेली आहे. ६५५३५ आलं तर पूर्ण ४८ केबी जागेवर आहेत.