गाळ, कारवी, निर्गुडी: नदीकाठच्या चार आठवड्यांत उभं करायचं शिल्प

सह्याद्रीच्या पूर्व उतारावरच्या एखाद्या नदीकाठी महिनाभर राहून काम करायचं असेल, तर नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ धरा. पाणी उतरलेलं असतं, काठावर नवा गाळ बसलेला असतो आणि ऊन चटका देणारं नसतं. आकाराचं रेखाटन पहिल्या आठवड्यात पक्कं करू नका. इथली माती काय करू देते, ते आधी बघायला लागतं.

दख्खनच्या बेसाल्टपासून झालेली काळी माती ओली असताना फुगते आणि वाळताना आकसते. नदीच्या गाळातही तिचाच अंश असतो, म्हणून नुसत्या गाळाचं शिल्प हमखास भेगाळतं. तीन-चार ठिकाणचा गाळ आणा. प्रत्येकाची बोटाएवढी वळी करून बोटाभोवती गुंडाळा. तुटली तर चिकणमाती कमी आहे. मग १४ सेंमी लांबीची पट्टी थापून तिच्यावर बरोबर १० सेंमीची रेघ ओढा आणि सावलीत पूर्ण वाळू द्या. रेघ ९.४ सेंमी भरली तर आकसणं ६ टक्के, म्हणजे काम होईल. ९ सेंमीवर आली तर वाळू आणि पेंढा वाढवावा लागेल.

शहराच्या खालच्या अंगाचा गाळ घेऊ नका. पुण्याखालच्या मुळा-मुठेत सांडपाणी येतं, आणि हे काम तर उघड्या हातांनीच करायचं असतं. पात्रातून माती-वाळू काढणं महसूल खात्याच्या अखत्यारीत येतं. तलाठ्याला आणि ग्रामपंचायतीला आधी विचारा, चार घमेली असली तरी.

गारा, म्हणजे लेपासाठी मळलेली माती, पहिल्या दोन दिवसांतच भिजत घाला. सुरुवातीचं माप असं: तीन घमेली चाळलेला गाळ, एक घमेलं जाड वाळू, एक घमेलं बोटभर कापलेला भाताचा पेंढा, अर्धं घमेलं शेण. पायांनी तुडवा, ओल्या गोणपाटाखाली आठ-दहा दिवस कुजू द्या, मधे दोनदा उलटा. वास आला की समजा, मळायला तयार. १२० सेंमी उंच आणि ६० सेंमी व्यासाच्या पोकळ आकाराला ४ सेंमी जाडीचा लेप द्यायचा तर साधारण ९० लिटर तयार गारा लागतो. चुना घातला तर आकसणं कमी होतं हे खरं, पण पावसात परत मातीत मिसळणारं काम हवं असेल तर चुना आणि सिमेंट दोन्ही दूर ठेवा.

सांगाडा म्हणजे कारवीचा कुडच, झुडपाच्या काठ्या विणून केलेली भिंत असते तसा. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते आणि मग मरते. अशी वाळलेली कारवी उत्तम. अभयारण्यातून मात्र काडीही तोडू नका. अंगठ्याएवढ्या जाड काठ्या १५ सेंमी अंतरावर उभ्या करा आणि त्यांतून निर्गुडीच्या फोका विणा. निर्गुडी तोडल्यावर दोन दिवस सावलीत मलूल होऊ द्या. ताजीच विणली तर वाळल्यावर बारीक होते, वीण सैल पडते आणि लेप आतून सुटतो. काठावर बेशरम मुबलक दिसेल; ते बाहेरून आलेलं झुडूप आहे, काठ्याही पोकळ. भरीला वापरायला हरकत नाही, पण रोवू नका, फांदीपासून लगेच फुटतं. बांधायला काथ्या किंवा सुतळी. नायलॉन नको, तारही नको.

लेपाआधी सांगाड्यावर पाणी शिंपडा. कोरडी काठी गाऱ्यातलं पाणी ओढून घेते आणि पकड बसत नाही. पहिला थर २ सेंमी, बोटांनी विणीत दाबून आरपार गेला पाहिजे. तो अंगठ्याने दाबल्यावर खूण उठेल पण माती चिकटणार नाही, इतका सुकला की त्यावर ओरखडे मारा, भिजवा, मग दीड सेंमीचा दुसरा. शेवटचा अर्धा सेंमी बारीक चाळलेला गाळ आणि शेण. बहुतेक भेगा उन्हापेक्षा वाऱ्याने पडतात: एक बाजू आधी वाळते आणि दुसरीला ओढते. वाऱ्याच्या बाजूला ओलं गोणपाट टांगा. केसाएवढ्या भेगा पातळ गाऱ्याने बुजतात. बोट जाईल एवढी भेग पडली तर तेवढा भाग काढून पुन्हा थापा, वरून भरलेलं टिकत नाही.

छोटे तुकडे भाजायचे असतील तर गाळावर लिंबू पिळून पाहा. बुडबुडे आले तर त्यात चुनखडी आहे. भट्टीत तिचा कळीचा चुना होतो, नंतर हवेतला ओलावा शोषून तो फुगतो आणि पृष्ठभागाचे टवके उडतात. गाळ बारीक जाळीतून चाळला की हे बरंचसं टळतं.

जागा निवडताना पूररेषा विचारा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदाची. निळ्या रेषेच्या आत ठेवलेलं काम वाहून जाणारच, असं धरूनच बांधा. वर ठेवत असाल तर खाली १५ सेंमीचा दगडी चौथरा करा, नाहीतर कारवीच्या बुंध्याला वाळवी लागते. निघण्याआधी माती काढलेले खड्डे बुजवा; काठावर ते उघडे राहिले तर पहिल्या पुरात तिथूनच दरड सुटते.