लोकप्रशासन मायनर घेताय? एक सेवा निवडा आणि तिचा माग काढा

लोकप्रशासन मायनर, म्हणजे मेजर या मुख्य विषयासोबतचा दुय्यम विषय, म्हणून घेणाऱ्या मुलांना मी पहिल्याच तासाला एक काम देते. एक सरकारी सेवा निवडा. जन्मनोंदणी, पिण्याचं पाणी, वाहन परवाना, सार्वजनिक ग्रंथालय, कोणतीही चालेल. मग पदवी हातात पडेपर्यंत या विषयाचा प्रत्येक पेपर त्या सेवेला धरून वाचा. मायनरला पेपर मोजके असतात आणि त्यांत विचारवंत, तत्त्वं, समित्या, सुधारणा यांची एवढी गर्दी असते की सत्र संपल्यावर डोक्यात फक्त नावं उरतात. सेवा हाताशी असली की प्रत्येक सिद्धांताला काहीतरी विचारता येतं.

माझं मेजर संख्याशास्त्र होतं. मी जन्मनोंदणी निवडली होती, आणि आजही माझं काम नागरी नोंदणीच्या आकड्यांशीच आहे. म्हणून उदाहरणं तिचीच देते.

सेवा निवडताना तीन गोष्टी तपासा. ती घ्यायला प्रत्यक्ष माणूस येतो का, तिचा अर्ज किंवा नोंदवही आहे का, आणि अर्थसंकल्पात तिच्या नावाने पैसा दिसतो का. परराष्ट्र धोरण कितीही आवडलं तरी या कामासाठी घेऊ नका, कारण त्याचा माग पदवीच्या विद्यार्थ्याला काढता येत नाही.

पुस्तक उघडण्याआधी सेवेचा रस्ता एका कागदावर काढा. बाळ जन्मलं. खबर कोण देतं, कुठे देतं, नोंद कोण करतं, सही कोणाची, दाखला कोण देतं, आणि तो आकडा पुढे कोणाकडे जातो? मग जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर वाचा. लेखी नोंद, ठरलेलं अधिकारक्षेत्र, पदसोपान म्हणजे पदांची उतरंड, पद आणि व्यक्ती यांची फारकत ही त्याने सांगितलेली नोकरशाहीची लक्षणं तुमच्या कागदावर आधीच उमटलेली दिसतील. नोंद करणारा निबंधक बदलून गेला तरी वीस वर्षांपूर्वीचा दाखला खराच राहतो, हे कशामुळे शक्य होतं ते तिथे कळतं.

पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेल्या वुड्रो विल्सनचा प्रशासनाच्या अभ्यासावरचा 1887 चा निबंध बहुतेक अभ्यासक्रमांत सुरुवातीलाच येतो. राजकारण ठरवतं, प्रशासन राबवतं, अशी त्याची मांडणी साधारणपणे शिकवली जाते. ती पाठ करण्याऐवजी तपासून बघा. उशिरा आलेल्या नोंदणीला कोणता पुरावा पुरेसा मानायचा, हे खिडकीमागचा कारकून ठरवत असेल, तर कोणतं मूल कागदावर येणार आणि कोणतं नाही हेही तोच ठरवतो आहे. याला निव्वळ अंमलबजावणी म्हणायचं का? अभ्यासक ड्वाइट वाल्डोने 1948 मध्ये राजकारण आणि प्रशासन यांच्या या फारकतीवर घेतलेला आक्षेप मग आपोआप समजतो.

यानंतर मी मुलांना हमखास कॅल्क्युलेटर काढायला लावते. ल्यूथर गुलिकचं 1937 चं पोस्डकॉर्ब, म्हणजे प्रशासकाच्या सात कामांच्या इंग्रजी आद्याक्षरांचं सूत्र, सगळे पाठ करतात, पण हर्बर्ट सायमनने 1946 मध्ये या परंपरेवर जी टीका केली ती खरी वाचण्यासारखी आहे. त्याचं म्हणणं असं की प्रशासनाची तत्त्वं म्हणींसारखी जोडीने येतात आणि एकमेकींना छेद देतात. एका अधिकाऱ्याच्या हाताखाली माणसं कमी ठेवा, आणि पायऱ्याही कमी ठेवा. समजा सर्वांत खालच्या स्तरावर 4,096 कर्मचारी आहेत. प्रत्येक अधिकाऱ्याखाली आठ जण ठेवले तर त्यांच्या वर चार स्तर लागतात. चारच ठेवले तर सहा. आता दाखल्यातली नावाची चूक दुरुस्त करायला फाईल अगदी वरपर्यंत जात असेल, तर हे दोन जादा स्तर कोणाला भोवतात? हा प्रश्न वर्गात विचारला की पोस्डकॉर्ब पाठ केलेली मुलंही गप्प होतात आणि विचार करू लागतात.

अंमलबजावणीच्या पेपरातही हिशोब सोडू नका. जेफ्री प्रेसमन आणि अ‍ॅरन विल्डाव्हस्की यांनी अमेरिकेतल्या ओकलंड शहरातल्या रोजगार कार्यक्रमाचा अभ्यास केला. तो 1973 मध्ये प्रसिद्ध झाला. कोणाचा उघड विरोध नसतानाही तो कार्यक्रम का रखडला, याचं उत्तर त्यांना मंजुऱ्यांच्या लांब साखळीत सापडलं. वीस टप्पे धरा आणि प्रत्येक टप्पा पार पडण्याची शक्यता 95 टक्के धरा. सगळे पार पडण्याची शक्यता जेमतेम 36 टक्के उरते. यात टप्पे एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असं गृहीत धरलं आहे, आणि प्रत्यक्षात ते तसे नसतात. एक अधिकारी अडून बसला की पुढचेही सावध होतात. उलट वरून कोणी पाठपुरावा केला की चार टप्पे एका दिवसात सुटतात. संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत हे लिहायलाच हवं.

नागरिकांशी थेट गाठ पडणाऱ्या कर्मचाऱ्यांबद्दलची मायकल लिप्स्कीची 1980 ची मांडणी वाचण्याआधी एखाद्या कार्यालयात परवानगी घेऊन बसा. कोणाला परत पाठवलं आणि कारण काय सांगितलं, एवढंच टिपा. नावं टिपू नका, मग ती नागरिकाची असोत वा कर्मचाऱ्याची. रांग मोठी असताना खिडकीवरचा माणूस नियमांतले कोणते भाग वापरतो आणि कोणते सोडतो, ते पाहिलं की स्वेच्छाधिकार म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही. त्याच्याकडे थोड्या सहानुभूतीनेही बघा. लिप्स्कीचा मुद्दाच असा आहे की साधनं अपुरी आणि मागणी न संपणारी असताना तो दिवस निभावण्याचे मार्ग शोधतो, आणि नागरिकाला मिळणारं धोरण प्रत्यक्षात तेच असतं.

वित्तीय प्रशासनाचा पेपर ऐच्छिक असला तरी घ्या, असं मी आग्रहाने सांगते. बरीच मुलं तो टाळतात, आणि विषयाचा कणाच त्यांच्या हातून सुटतो. तुमच्या सेवेची ओळ अर्थसंकल्पात शोधा आणि अंदाज, सुधारित अंदाज, प्रत्यक्ष खर्च हे तीन आकडे काही वर्षांचे एकाखाली एक लिहा. दरवर्षी तरतूद मोठी आणि खर्च कमी दिसत असेल, तर पदं रिकामी आहेत, खरेदी अडली आहे, की पैसाच उशिरा सुटतो, हे शोधायला घ्या. या एका तक्त्यावर मुलांनी लिहिलेली उत्तरं मला सगळ्यांत जिवंत वाटतात.

तौलनिक प्रशासनासाठी सेवा तीच ठेवा, देश बदला. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारातलं कलम 7 सांगतं की मुलाची नोंद जन्मानंतर लगेच व्हावी. कलम एकच, पण ते राबवणाऱ्या यंत्रणा किती तऱ्हेच्या आहेत ते बघा. तौलनिक प्रशासनाचा अभ्यासक फ्रेड रिग्ज हा लिखित नियम आणि प्रत्यक्ष वर्तन यांतल्या अंतराबद्दल बोलतो, ते इथे कामी येतं.

मेजर राज्यशास्त्र असेल तर मायनरमध्ये सिद्धांताचे पेपर पुन्हा घेऊ नका; वित्त, मनुष्यबळ आणि संशोधनपद्धतीकडे वळा. संगणकशास्त्रवाल्यांनी अर्जातले सक्तीचे रकाने तपासावेत. वडिलांचं नाव भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नसेल, तर तो रकाना धोरणच ठरवतो आहे.

शेवटच्या सत्रात प्रकल्प म्हणून दोन पानी कार्यालयीन टिपण लिहा. सेवा कुठे अडते, पुरावा काय, कोणता टप्पा बदलायचा, खर्च किती, आणि तो बदल करण्याचा अधिकार कोणत्या पदाला आहे. टिपण त्याच पदाला उद्देशून लिहा. कायदा बदलल्याशिवाय होणार नाही अशी शिफारस असेल तर ती वेगळ्या परिच्छेदात, विधिमंडळाच्या कक्षेतली म्हणून नोंदवा. अधिकाऱ्याला स्वतःच्या सहीने करता येईल ते पहिल्या पानावरच येऊ द्या.