परदेशी मदतीतून ऊर्जाबचतीची सुधारणा कशी उभी करावी

जागतिक बँक, जर्मनीची जीआयझेड किंवा जपानची जायका या मदत देणाऱ्या संस्थांकडे ऊर्जा कार्यक्षमतेचा प्रस्ताव पाठवण्यापूर्वी सरकारी खात्याने, बँकेने किंवा उद्योगसंघटनेने एक यादी करावी. या सुधारणेतील कोणती कामे केवळ आपल्या कायद्याने, आपल्या वीजदराने आणि आपल्याच कर्मचाऱ्यांकडून होऊ शकतात, हे तीत लिहावे आणि उरलेल्या कामांपुरतीच मदत मागावी. ही यादी न करता आलेल्या पैशाची यंत्रे होतात, सुधारणा होत नाही.

मदतीला टेकण्यासाठी आधी कायद्याची जागा लागते. भारतात 2001 चा ऊर्जा संवर्धन कायदा झाला, मार्च 2002 मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो (बीईई) स्थापन झाला आणि त्यानंतरच्या परदेशी तांत्रिक साहाय्याला काम करण्यासाठी एक ठिकाण मिळाले. 2007 मध्ये जाहीर झालेली ऊर्जा संवर्धन इमारत संहिता अमेरिकेच्या यूएसएड या सरकारी मदतसंस्थेच्या साहाय्याने तयार झाली, पण ती राज्याने अधिसूचित केल्याशिवाय त्या राज्यात बंधनकारक होत नाही. म्हणून प्रस्तावात कायद्याचे नेमके कलम, ते अमलात आणणारी यंत्रणा (महाराष्ट्रात ती ‘महाऊर्जा’ ही राज्याची ऊर्जा विकास संस्था आहे) आणि प्रलंबित अधिसूचना यांचा स्पष्ट उल्लेख असावा. इमारत संहितेसाठी मदत मागताना सल्लागारांच्या अहवालांपेक्षा बांधकाम परवानगी देणाऱ्या नगररचना विभागातील अभियंत्यांच्या प्रशिक्षणावर अधिक तरतूद ठेवावी, कारण नकाशावर सही त्यांचीच होते.

मदतीचे स्वरूप गरजेनुसार निवडावे. ज्यातून थेट परतावा येत नाही, म्हणजे नियम, चाचणी प्रयोगशाळा आणि प्रशिक्षण, त्यासाठी अनुदान मागावे. वीजबचतीतून स्वतःचा खर्च फेडणाऱ्या यंत्रांसाठी कर्ज घ्यावे. कारखानदार तयार असूनही बँक कचरत असेल, तर कर्जाऐवजी हमी, म्हणजे कर्ज बुडाल्यास नुकसानीतला वाटा उचलण्याचे वचन, अधिक उपयोगी पडते. जागतिक बँकेच्या 4.3 कोटी डॉलरच्या योजनेत 3.7 कोटी डॉलर सिडबी या लघुउद्योगांसाठीच्या विकास बँकेमार्फत बँकांच्या जोखमीत वाटा उचलण्यासाठी आणि उरलेले तांत्रिक साहाय्यासाठी ठेवले होते, ती विभागणी अभ्यासण्यासारखी आहे. लहान उद्योगांना दिलेल्या जायकाच्या कर्जात पात्र यंत्रांची यादीच आधी ठरवून दिली होती. बचतीचे गणित शाखेतल्या अधिकाऱ्याला समजावत बसण्यापेक्षा यादी हाती देणे सोपे, आणि माझ्या मते लहान कर्जांसाठी तेच योग्य.

बाजार आधीच वळलेला असेल तिथे मोठे कर्ज उशिरा आले तरी चालते. स्वस्त एलईडी बल्ब देणाऱ्या ‘उजाला’ योजनेत बल्बचा घाऊक खरेदीदर 2014 मधील सुमारे 310 रुपयांवरून 2016 पर्यंत 38 रुपयांवर आला, तो ईईएसएल या केंद्राच्या सार्वजनिक उपक्रमांच्या संयुक्त कंपनीने मागणी एकत्र करून काढलेल्या निविदांमुळे. त्याच ईईएसएलसाठी जागतिक बँकेच्या 22 कोटी डॉलर कर्जाचा आणि 8 कोटी डॉलर हमीचा करार झाला तो 2018 मध्ये. देणाऱ्या संस्थेपुढे स्वतःच्या पैशाने उभे केलेले काम ठेवता आले, तर अटींवर बोलताना आपली बाजू भक्कम राहते.

सर्वांत जास्त वेळ मोजमापाला द्यावा. जीईएफ (जागतिक पर्यावरण निधी) च्या अनुदानातून सिडबी आणि बीईईने राबवलेल्या लघुउद्योग प्रकल्पात निवडलेल्या क्लस्टरमध्ये (एका भागातील उद्योगसमूहांमध्ये) कोल्हापूरच्या फाउंड्री, म्हणजे धातू ओतकामाचे कारखाने, आणि पुण्याचे फोर्जिंग कारखाने होते. फाउंड्रीत केवळ महिन्याचे वीजबिल पाहून बचत ठरवता येत नाही. ऑर्डर घटल्या तरी बिल कमी होते. वितळवलेल्या दर टन धातूमागे किती युनिट लागली हे पाहावे, आणि त्यापुढे जाऊन दर टन चांगल्या कास्टिंगमागे किती लागली हेही पाहावे, कारण रिजेक्ट झालेला माल पुन्हा भट्टीत जातो आणि त्याच धातूसाठी दुसऱ्यांदा वीज जळते. इंडक्शन भट्टीचे झाकण उघडे राहणे, मोल्ड तयार नसल्याने वितळलेला धातू ताटकळत ठेवणे, या गोष्टी महागड्या यंत्राशिवाय सुधारतात, पण प्रत्येक हीटची (भट्टीत एकदा धातू वितळवण्याच्या फेरीची) नोंद नसेल तर त्या दिसतच नाहीत. म्हणून मूळ पातळी, म्हणजे सुधारणेपूर्वीचा वीजवापर, ठरवताना काही महिन्यांच्या हीटनिहाय नोंदी घ्याव्यात, धातूचा ग्रेड आणि कास्टिंगचा आकार बदलल्यास दुरुस्ती कशी करायची ते करारातच लिहावे, आणि पडताळणी करणारा लेखापरीक्षक यंत्र विकणाऱ्याशी संबंधित नसावा. निकाल सिद्ध झाल्यावरच हप्ता देणारे कर्ज असेल, तर हे कलम पैशाइतकेच महत्त्वाचे ठरते.

वीजदराचा प्रश्न टाळून चालत नाही. महाराष्ट्रात 2024 पासून 7.5 अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज आहे. अशा शेतकऱ्याला कार्यक्षम पंप घेण्यासाठी कर्ज देऊ केले, तर बिलात वाचणारे काहीच नसल्याने तो का घेईल? बचतीचा फायदा महावितरणला आणि अनुदानाचा भार उचलणाऱ्या राज्य सरकारला होतो, म्हणून गुंतवणूकही त्यांच्याच खात्यातून व्हावी, अशी रचना करावी. शेतकऱ्याला दुरुस्तीची पक्की हमी द्यावी. पंप जळाल्यावर आठवडाभर कोणी आले नाही, तर जुनाच पंप पुन्हा विहिरीवर बसतो.

कागदपत्रांचा मार्ग लांब असतो. राज्याचा कर्जप्रस्ताव केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या आर्थिक व्यवहार विभागामार्फत जातो, आणि मूळ कर्जाच्याच अटी राज्याकडे येत असल्याने विनिमय दराची जोखीम राज्याच्या माथी असते. येन किंवा युरोतल्या कमी व्याजदरावर भाळण्यापूर्वी वित्त विभागाकडून ते गणित करून घ्यावे. स्वयंसेवी संस्थांनी विदेशी अंशदान (परदेशी देणग्यांच्या) कायद्याखालील नोंदणी आधी तपासावी. 2020 च्या दुरुस्तीनंतर असा निधी दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा 20 टक्के आहे, त्यामुळे गावोगावच्या छोट्या संस्थांना निधी वाटून काम करण्याचा आराखडा मुळातच बाद होतो.

शेवटी, मदत थांबण्याची तारीख पहिल्या दिवसापासून गृहीत धरावी. 1 जुलै 2025 पासून यूएसएडने परदेशी साहाय्य राबवणे बंद केले, आणि असा निर्णय घेणाऱ्यापुढे आपला पंचवार्षिक आराखडा नसतो. प्रकल्पातून पगार घेणारी पदे दुसऱ्या वर्षापासून टप्प्याटप्प्याने खात्याच्या आकृतिबंधात आणावीत, मोजमापाची माहिती सल्लागाराच्या सर्व्हरवर न ठेवता खात्याच्या सर्व्हरवर ठेवावी आणि मीटरच्या कॅलिब्रेशनचा वार्षिक खर्च राज्याच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र लेखाशीर्षाखाली दाखवावा.