दार्जिलिंगच्या पोखऱ्या आणि हिमालयीन सॅलॅमँडर: पहिल्या मोसमाआधी

सॅलॅमँडरवर, म्हणजे पालीसारख्या दिसणाऱ्या शेपटीवाल्या उभयचरावर, काम करायला निघालेला नवखा आधी प्राणी शोधायला लागतो. दार्जिलिंगच्या डोंगरात ही सुरुवातच चुकते. इथे आधी तळं शोधायचं, त्या तळ्याचं वर्ष कसं जातं ते समजून घ्यायचं, आणि मगच त्यात प्राणी कुठे बसतो ते पाहायचं. हिमालयीन सॅलॅमँडर वळवाच्या पावसानंतर, म्हणजे एप्रिल-मेपासून, पाण्यात उतरू लागतो आणि सप्टेंबरपर्यंत वीण आटोपते. उरलेले महिने तो दगडांच्या फटीत, कुजक्या ओंडक्याखाली, पालापाचोळ्यात असतो. डिसेंबरच्या सुट्टीत चार दिवस काढून तळी पालथी घातली आणि काही मिळालं नाही, तर त्यावरून फक्त तुमचा महिना चुकला एवढंच सिद्ध होतं.

वाचनाला बसण्याआधी नावाचा गुंता सोडवा. २०१५ सालापर्यंत दार्जिलिंग आणि पूर्व नेपाळातला हा प्राणी टायलोटोट्रायटन व्हेरुकोसस या नावाखाली मोडत होता. ती जाती अँडरसन यांनी १८७१ साली चीनच्या युनान प्रांतातल्या नमुन्यांवरून वर्णन केलेली. २०१५ साली नेपाळच्या इलाम जिल्ह्यातल्या नमुन्यांवरून टायलोटोट्रायटन हिमालयॅनस ही वेगळी जाती मांडली गेली. म्हणून दार्जिलिंगमधल्या प्रणय आणि अंडी घालण्यावरचा २००१ सालचा लेख असो की नर-मादीतले फरक आणि वयरचना यांवरचं २०१० सालचं काम, सगळं जुन्याच नावाने नोंदलेलं आहे. फक्त नवं नाव टाकून शोधलंत तर मोजके लेख हाती येतात आणि 'या प्राण्यावर फारसं काम झालेलं नाही' असं वाक्य प्रबंधाच्या पहिल्याच पानावर जातं. परीक्षकाचं बोट बरोबर तिथे पडतं. 'भारतातला एकमेव सॅलॅमँडर' हेही आता लिहू नका. २०२३ साली मणिपूरमधून टायलोटोट्रायटन झाइमेंग ही जाती स्वतंत्रपणे मांडली गेली आहे.

प्राणी एकदा पाहिला की दुसऱ्या कशाशी गोंधळ होत नाही. तपकिरी, खरखरीत कातडी, डोक्यावर हाडाच्या कडा, पाठीच्या मधोमध एक कणा आणि दोन्ही बाजूंना गाठींच्या रांगा. मूळ वर्णनात या गाठींची संख्या १६ दिली आहे. नवख्याची चूक होते ती पिल्लांत. बेडकाच्या पिल्लाला आधी मागचे पाय फुटतात, सॅलॅमँडरच्या पिल्लाला पुढचे. शिवाय सॅलॅमँडरच्या पिल्लाचे पिसांसारखे कल्ले रूपांतर होईपर्यंत मानेपाशी बाहेर दिसत राहतात, बेडकाचे लवकर झाकले जातात. जाळीत आलेलं पिल्लू पांढऱ्या ट्रेमध्ये बोटभर पाण्यात सोडा आणि वरून बघा. हातात धरून ओळखायचा प्रयत्न केलात तर कल्ले एकमेकांना चिकटतात, दिसत काहीच नाही.

परवानगीचं काम ऑक्टोबरमध्ये सुरू करा, एप्रिलसाठी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच पकडणं येतं, त्यामुळे 'आम्ही मोजून लगेच सोडतो' हा बचाव चालत नाही. संशोधनासाठी पकडायचं तर कलम १२ खाली राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते. अभयारण्यात पाय ठेवायला कलम २८ ची वेगळी. सुखिया पोखरीजवळचं जोरेपोखरी अभयारण्य अवघं ०.०४ चौरस किलोमीटरचं असलं तरी कागद तेवढेच लागतात. अर्ज परत येण्याचं नेहमीचं कारण म्हणजे मोघम पद्धत. किती तळी, कोणत्या महिन्यांत किती भेटी, एका प्राण्याला जास्तीत जास्त किती मिनिटं हाताळणार, ऊतीचा नमुना घेणार की नाही आणि घेतलात तर तो कुठे ठेवणार, हे आकड्यांत लिहा. नमुना देशाबाहेर धाडायचा विचार असेल तर जैवविविधता कायदा आणि साइट्स (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) या दोन्हींची दारं ठोठवावी लागतात. टायलोटोट्रायटन गटातल्या सगळ्या जाती २०१९ पासून साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत.

कागदावरच्या परवानगीने तळं मात्र उघडत नाही. बरीच तळी चहाच्या मळ्यांत, कुणाच्या शेताच्या कडेला किंवा देवस्थानाच्या आवारात असतात. मळ्याच्या व्यवस्थापकाचं पत्र आणि तळ्याशेजारच्या घराची संमती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्ही घ्या. डोंगरात नेपाळी बोलली जाते. देवनागरी वाचता येत असल्याने मराठी माणसाला पाट्या आणि गावांची नावं लगेच उलगडतात: पोखरी म्हणजे तळं, जोरेपोखरी म्हणजे जोडतळं. दाजू (दादा) आणि दिदी म्हणून सुरुवात केली की पुढचं बोलणं सोपं जातं. गावकऱ्यांना विचारताना 'सॅलॅमँडर आहे का?' असं विचारू नका, फोटोही लगेच दाखवू नका. 'या पाण्यात काय काय राहतं?' असं विचारा आणि ऐका. आधी फोटो दाखवला की पाहुण्याचं मन राखायला बहुतेक जण हो म्हणतात.

आता सामान. पाण्यात फिरायला मांडीपर्यंतचे गमबूट. इंग्रजी डी आकाराच्या तोंडाची हातजाळी, मोठ्यांसाठी ४-५ मिमी आणि पिल्लांसाठी १-२ मिमी छिद्रांची. कॅलिपर, ३० ग्रॅमचा स्प्रिंगकाटा, पाण्याचा थर्मामीटर, पीएच मीटर, डोक्यावरची बॅटरी, पाण्यात न विरघळणारी वही आणि पेन्सिल. पेन पावसात लिहीत नाही, आणि या डोंगरात जून-जुलैचा पाऊस थांबायची वाट पाहिली तर मोसम संपतो. जळवांसाठी घट्ट विणीचे लांब मोजे घाला. मीठ, तंबाखूचं पाणी किंवा डास पळवणारं मलम हाताला लावून तळ्यावर जायचं नाही. उभयचराची कातडी पाण्याबरोबर हेही शोषून घेते.

सगळ्यात जास्त हलगर्जी होते ती निर्जंतुकीकरणात, आणि नुकसानही तिथलंच मोठं. उभयचरांच्या कातडीवर वाढणाऱ्या दोन बुरशी लक्षात ठेवा: १९९९ साली वर्णन झालेली बीडी (बॅट्राकोकायट्रियम डेंड्रोबॅटिडिस) आणि २०१३ साली नेदरलँडमधल्या फायर सॅलॅमँडरवरून वर्णन झालेली बीसॅल (बॅट्राकोकायट्रियम सॅलॅमँड्रिव्होरन्स). बीसॅलला १० ते १५ अंश सेल्सिअसचं गार पाणी मानवतं, म्हणजे नेमका डोंगरी तळ्यांचा पट्टा. तुमचा बूट एका तळ्यातून दुसऱ्यात गेला की बुरशीला फुकट वाहन मिळालं. क्रम असा: आधी ब्रशने चिखल पूर्ण काढा, मग १ टक्का व्हर्कॉन या जंतुनाशकात ५ मिनिटं, मग तळ्यापासून लांब स्वच्छ पाण्याने खळबळा, मग वाळवा. चिखल न काढता औषधात बुडवलं तर औषध चिखलातच खर्ची पडतं, बुरशीपर्यंत पोचत नाही. १ टक्का म्हणजे १ लिटर पाण्यात १० ग्रॅम पावडर. 'अंदाजे चमचाभर' नको, छोटा वजनकाटा जवळ ठेवा. कॅलिपर ७० टक्के अल्कोहोलने पुसा. एका दिवसात दोनपेक्षा जास्त तळी करायची असतील तर जाळ्यांचे तीन संच घ्या, कारण पावसात वाळवणं होतच नाही.

हाताळताना पावडर नसलेले हातमोजे त्याच तळ्याच्या पाण्याने ओले करा आणि प्रत्येक प्राण्याला नवी जोडी वापरा. पिल्लांना हातमोज्यानेही धरू नका, काही हातमोज्यांतली रसायनं पिल्लांना मारतात. त्यांना पाण्याने भरलेल्या पारदर्शक पिशवीतूनच मोजा. मोठ्याच्या गाठींतून येणारा स्राव डोळ्यांना झोंबतो, म्हणून काम चालू असताना चेहऱ्याला हात लावायचा नाही. नोंदी नाकाच्या टोकापासून अवस्करापर्यंतची (शेपटीच्या मुळाशी असलेल्या विष्ठा-जननद्वारापर्यंतची) लांबी, शेपटी, वजन, लिंग एवढ्याच, आणि प्रत्येक प्राण्यामागे तीन-चार मिनिटांत आटोपा. विणीच्या दिवसांत नराचं अवस्कर फुगलेलं असतं, तेवढ्यात लिंग ओळखता येतं. मोसम सरल्यावर खात्री नसेल तर सरळ 'अनिश्चित' लिहा.

खुणा करण्याबद्दल जुन्या पुस्तकांत बोटाचं टोक कापण्याची पद्धत सापडेल. न्यूटवर (पाण्यात वीण करणारे सॅलॅमँडर, आपला प्राणीही त्यातलाच) ती निरुपयोगी आहे, बोट पुन्हा उगवतं आणि पुढच्या मोसमात तुम्ही ओळखीच्या प्राण्याला नवा समजता. पोटावरच्या ठिपक्यांच्या फोटोंवरून ओळखायची युक्ती युरोपातल्या क्रेस्टेड न्यूटसाठी छान चालते, पण हिमालयॅनस जवळजवळ एकरंगी आहे. उरते ती कातडीखालची ८ मिमीची सूक्ष्म चिप. ती फक्त मोठ्यांत आणि अनुभवी माणसाच्या देखरेखीखालीच बसवायची. पहिल्या मोसमात चिपच्या मागे लागू नये असं आमचं मत. आधी तळ्यांची यादी पक्की होऊ दे.

त्या यादीसाठी एकाच भेटीवर विसंबू नका. समजा प्राणी असलेल्या तळ्यात एका भेटीत तो दिसण्याची शक्यता ०.४ आहे. तीन भेटींत किमान एकदा दिसण्याची शक्यता १ वजा ०.६ चा घन, म्हणजे ०.७८. पाच भेटींत ०.९२. म्हणजे तीन भेटींवर थांबलात तर प्राणी असलेल्या दर पाचांतलं एक तळं 'रिकामं' म्हणून नोंदलं जाईल. म्हणून भेटी ठरावीक वेळेच्या ठेवा, जाळीचे फेरे मोजा, पाण्याचं तापमान लिहा आणि काही न मिळालेल्या भेटीही तितक्याच नेटाने भरा. संख्या काढायची वेळ आली तर उदाहरण घ्या: पहिल्या वेळी ४० खुणावलेले, दुसऱ्या वेळी ३५ पकडले, त्यात १० खुणेचे. चॅपमनच्या सूत्राने तिन्ही आकड्यांत एकेक मिळवून ४१ गुणिले ३६, भागिले ११, वजा १, म्हणजे सुमारे १३३. हा आकडा तेव्हाच खरा, जेव्हा दोन पकडींच्या मधे कुणी तळं सोडलं किंवा नव्याने आलं नाही. विणीच्या मोसमात ये-जा चालूच असते, म्हणून दोन पकडींत दिवसांचं अंतर ठेवा, आठवड्यांचं नको. फनेल सापळे (नरसाळ्यासारख्या तोंडाचे) लावलेत तर सापळ्याचा वरचा भाग पाण्याबाहेर राहू द्या. मोठा सॅलॅमँडर फुप्फुसाने श्वास घेतो, पूर्ण बुडालेल्या सापळ्यात तो गुदमरतो. रात्रीतून पाऊस झाला की पाणी वितभर चढतं हे सापळा बांधतानाच धरून चाला.

संवर्धनाचा प्रश्न बहुतेक ठिकाणी तळ्याच्या काठावर येऊन अडतो. सुशोभीकरण म्हणून काठाला सिमेंटची उभी भिंत बांधली की रूपांतर झालेलं पिल्लू वर चढूच शकत नाही. मासे सोडले की अंडी आणि पिल्लं संपतात. सॅलॅमँडर अंडी एकेक करून गवताला, पाणवनस्पतीला चिकटवतो, म्हणून 'स्वच्छता' करताना सगळं गवत उपसलं तर वीणच होत नाही. मळ्यातली फवारणी उतारावरून पाण्यात येते ती वेगळीच. उपाय सांगताना तळ्याचं काम पाहणाऱ्या समितीसमोर प्राण्याची थोरवी गाऊ नका, माप सांगा. काठाचा उतार १ ला ३ (१ मीटर उंचीला ३ मीटर आडवं) असा मातीचा ठेवा. भिंत आधीच असेल तर दोन-तीन जागी दगडांची खडबडीत उतरंड रचा. गाळ डिसेंबर ते फेब्रुवारीत काढा, एका वर्षी निम्म्याच तळ्यातला, पण काठचे दगड उपसू नका, त्याच वेळी प्राणी त्यांच्याखाली असतात. ही शेवटची अट सांगायची राहिली की चांगल्या हेतूने केलेलं कामच घात करतं.

तळ्याभोवती किती जमीन राखायची, हा पुढचा प्रश्न. उत्तर अमेरिकेतल्या तळ्यात वीण करणाऱ्या सॅलॅमँडरच्या अभ्यासांतून १९९८ साली १६४ मीटरचा पट्टा सुचवला गेला. तो तसाच उचलून दार्जिलिंगला लावता येणार नाही, उतार आणि मळ्यांची रचना वेगळी आहे. पण पहिल्या आराखड्यात काहीतरी आकडा लागतो, आणि १० मीटरच्या कुंपणापेक्षा हा आकडा बराच बरा. याच प्रश्नावर एखादा चांगला प्रबंध उभा राहू शकतो.

करिअरचं थोडक्यात. प्राणिशास्त्र किंवा वन्यजीवशास्त्रातलं एम.एस्सी. हा नेहमीचा रस्ता, पुढे नेट परीक्षा देऊन जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली तर महिना ३७,००० रुपये. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था, बंगळुरूचं एनसीबीएस, हैदराबादचं लॅकोन्स, कोलकात्याचं भारतीय प्राणी सर्वेक्षण इथल्या उभयचर अभ्यासकांचं काम वाचून मगच त्यांना लिहा. पत्रात 'प्राण्यांची आवड आहे' यापेक्षा तुम्ही स्वतः भरलेली दोन महिन्यांची भेट-नोंद जोडलेली बरी. ती साध्या बेडकांची, घराजवळच्या डबक्याची असली तरी चालते. संख्याशास्त्रासाठी आर ही संगणकभाषा शिकून घ्या, तुम्ही ती शिकेपर्यंत कुणी थांबत नाही.

फोटो कुठेही टाकण्याआधी फाइलमधली जागेची माहिती काढून टाका आणि तळ्याऐवजी जिल्ह्याचं नाव लिहा. चढणीवरची पाटी किंवा ओळखीचा बंगला मागे दिसत असेल तर तोही कापा. पाळीव प्राण्यांच्या बाजारासाठी शोध घेणारे लोक अक्षांशावर अवलंबून नसतात, पार्श्वभूमीवरूनही तळं शोधतात.