अमळनेरला निघण्याआधी

भाच्याचा फोन आला, "मामा, डिस्कच गई वाटस." पेनड्राइव्हवरून लिनक्स नीट बसलं, पण पेनड्राइव्ह काढला की मशीन उठेना. डिस्क मेल्याचा निकाल आपल्याकडे फार लवकर लागतो. इन्स्टॉलरला अर्धा तास मुकाट लिहू देणारी डिस्क सहसा लगेच मरत नाही. म्हणून धुळ्याहून निघण्याआधीच त्याला बजावलं: पुन्हा इन्स्टॉल करू नको, पडद्याचा फोटो पाठव. 'नो बूटेबल डिव्हाइस' असेल तर फर्मवेअरला, म्हणजे मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रॅमला, सिस्टिम उठवणारा बूटलोडरच दिसलेला नाही. 'ग्रब रेस्क्यू' असेल तर ग्रब, म्हणजे लिनक्सचा बूटलोडर, उठला, पण त्याला पुढच्या फायली सापडल्या नाहीत. लिनक्सच्या ओळी धावून मग अडकलं असेल, तर ग्रबच्या नादी न लागता आधी एफएसटॅबमधले, म्हणजे डिस्कचा कोणता भाग (पार्टिशन) कुठे जोडायचा त्या यादीतले, यूयूआयडी हे ओळख क्रमांक बघायचे.

पिशवीत दोन पेनड्राइव्ह. एकावर तीच लाइव्ह आवृत्ती, म्हणजे इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालणारं लिनक्स, फाइल नीट उतरली का ते शा-२५६ बेरीज जुळवून पडताळलेलं. दुसरा रिकामा, डेटा काढून घ्यायला. स्क्रूड्रायव्हर, डिस्क जोडणारी एक जादा साटा केबल आणि मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल. सेलला लोक हसतात. पण जुन्या डेस्कटॉपचा सेल उतरला असेल तर लाइट गेली की तारीख मागे जाते आणि बायोसची, म्हणजे जुन्या फर्मवेअरची, सेटिंग मूळपदावर येते. भारनियमनाच्या गावात हे रोजचंच. लाइट कधी जाते तेही विचारून घ्यावं. ग्रब लिहिताना मध्येच अंधार नको.

मशीन कशावरून उठवायचं ते निवडण्याच्या बूट मेनूची कळ कागदावर लिहून न्यावी, एफ१२, एफ९ की एस्केप. खरी मेख तिथेच असते. त्या मेनूत एकच पेनड्राइव्ह बहुतेकदा दोनदा दिसतो, एकदा पुढे यूईएफआय (बायोसनंतरची नवी पद्धत) लावून आणि एकदा नुसता, म्हणजे जुन्या बायोस पद्धतीचा. नुसत्यावरून बसवलं आणि मशीन यूईएफआयनेच उठणार असेल, तर दोघांची गाठच पडत नाही. लाइव्हमध्ये सिस फोल्डरातल्या फर्मवेअरमध्ये ईएफआय नावाचं फोल्डर असेल तर आपण यूईएफआयने आलो, नसेल तर जुन्या पद्धतीने. यूईएफआयला फॅट३२ची छोटी ईएफआय पार्टिशन लागते. जुन्या पद्धतीने जीपीटी, म्हणजे नव्या रीतीने भाग पाडलेल्या, डिस्कवर ग्रब बसवायचा तर १ एमबीची बायोस बूट पार्टिशन हवी, आणि नेमकी तीच लोक विसरतात. पेनड्राइव्ह लावला की चालतं, काढला की नाही, असं असेल तर ग्रब पेनड्राइव्हवरच जाऊन बसला असण्याची शक्यता आधी तपासावी.

बायोसमध्ये साटा मोड रेडवर (अनेक डिस्क एकत्र धरायचा मोड) असेल तर इन्स्टॉलरला कधीकधी डिस्क दिसत नाही, पण भाच्याची दिसली होती, म्हणून ते सोडलं. शेजारी विंडोज असेल तर सिक्युअर बूटला (फक्त सही असलेलाच बूटलोडर चालू देणारी सेटिंग) हात लावण्याआधी विंडोजच्या डिस्क-कुलपाची, बिटलॉकरची, रिकव्हरी की लिहून घ्यावी, हे मात्र सोडायचं नाही.

दुरुस्ती त्यामानाने छोटी: योग्य मोडमध्ये लाइव्ह उठवायचं, बसवलेल्या लिनक्सची मूळ पार्टिशन आणि ईएफआय माउंट करायची (जोडून घ्यायची), क्रूट या आज्ञेने त्या लिनक्सच्या आत शिरून ग्रब पुन्हा बसवायचा. एवढं करूनही फर्मवेअर ग्रबची नोंद विसरत असेल, तर ग्रबची फाइल ईएफआयमधल्या बूट फोल्डरात बूटएक्स६४ नावाने ठेवावी. नोंद नसली तरी फर्मवेअर तिथे डोकावतं.

विप्रोची सुरुवात १९४५ साली याच अमळनेरात वनस्पती तुपाच्या कारखान्यातून झाली, हे भाचा मला दर फोनला ऐकवतो. मी त्याला पुन्हा विचारलं, मशीनमधली तारीख कोणती दिसते? २०१५, म्हणाला. सेल दोन घेतले.