जुनाट दुखणं : बऱ्या दिवशी होणाऱ्या या चुका टाळा

कंबर असो, मान असो, डोकं असो की सगळं अंगच, दुखणं तीन महिन्यांच्या वर टिकलं किंवा पुन्हापुन्हा उठत राहिलं की डॉक्टर त्याला जुनाट म्हणतात. तोवर घरातल्यांची पहिली धावपळ ओसरलेली असते, तपासण्या होऊन गेलेल्या असतात आणि रोजचा दिवस रेटणं तेवढं उरतं. दुखऱ्या दिवसाची काळजी सगळेच घेतात. मला विचाराल तर बऱ्या दिवसाकडे जास्त लक्ष द्यायला हवं, कारण पुढचा आठवडा कसा जाणार हे बरेचदा त्या दिवशी ठरतं.

साचलेली कामं एका दमात उरकणं

सकाळी कंबर हलकी वाटते. मोजे घालायला वाकलं तरी कळ येत नाही. हुरूप येतो. कितीतरी दिवस डोळ्यांत खुपणारं कपाट समोर असतं. एकच कप्पा लावायचा असं ठरतं, मग जमतंय म्हणून दुसरा, मग जमिनीवर बसून खालचा, मग स्टुलावर चढून वरच्या रजया. मध्येच पाठीत ओढल्यासारखं होतं, पण 'एवढं झालंय तर आता अर्धवट कशाला ठेवायचं' म्हणून काम पुरं केलं जातं. रात्री समाधानाने पाठ टेकते. दुसऱ्या दिवशी कूस बदलतानाच ठणका उठतो आणि पुढचे काही दिवस अंथरुणातच जातात. तेवढ्यात पुन्हा कामं साचतात. पुढचा बरा दिवस उजाडला की पुन्हा तोच क्रम.

हे चक्र चालू राहिलं की नुकसान हळूहळू दिसू लागतं. पडून राहिल्याने स्नायूंची ताकद उतरते, मग पूर्वी सहज होणाऱ्या कामानेही दुखणं उठतं. त्याहून वाईट म्हणजे हालचालीची धास्ती बसते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्बर्ट फोर्डाइस यांनी १९७०च्या दशकात या प्रश्नावर जे काम केलं, ते आजही उपयोगी आहे. दुखायला लागलं की थांबायचं, ही सवय सोडून आधी ठरवलेल्या मापाला थांबायचं, असं त्यांचं सूत्र होतं.

प्रत्यक्षात ते असं करता येतं. जे काम नेहमी महागात पडतं, ते एकच निवडा. ते किती मिनिटं केलं तर दुसऱ्या दिवशी त्रास होत नाही, हे काही दिवस घड्याळ लावून पाहा. बऱ्या दिवशी पंचवीस मिनिटं आणि वाईट दिवशी दहा मिनिटं जमत असतील, तर सुरुवात दहाच्या आसपास करा. गजर वाजला की काम आहे तिथे सोडा. उभ्याचं काम असेल तर बसा, बसून असाल तर चार पावलं चाला. काही दिवस हे नीट निभावलं, की दोन-तीन मिनिटं वाढवा. यात सगळ्यात अवघड जातं ते अंग साथ देत असताना थांबणं. अर्धं लावलेलं कपाट उघडं टाकून उठायला मनाची खरोखर तयारी लागते, विशेषतः ज्यांनी आयुष्यभर उरक हाच आपला गुण मानला त्यांना. तरी उठा. आणि याच नियमाची दुसरी बाजू अशी, की वाईट दिवशीही काम शून्यावर आणू नका. दहा मिनिटं जमत नसतील तर चार करा.

वही फक्त वाईट दिवशी उघडणं

दुखण्याची नोंद ठेवायला डॉक्टर सांगतात, आणि बहुतेकांच्या वहीत शून्य ते दहाच्या मापावरचे आकडे तेवढे सापडतात : ७, ८, ७, मग चार दिवस कोरे, मग ९. कोऱ्या दिवसांत काय घडलं ते कुणालाच ठाऊक नसतं. खरं तर ९ कुठून आला याचं उत्तर त्याच कोऱ्या जागेत असण्याची शक्यता जास्त.

दोन ओळी पुरतात. उदाहरणार्थ : 'झोप तुटक. सकाळी तासभर आखडलेलं, मग सैल. दुपारी बसून काम, मध्ये दोनदाच उठणं झालं. संध्याकाळी डाव्या पायात कळ, जिना चढता आला. गोळी एक.' यात आकडा नाही, तरी डॉक्टरांना यावरून आकड्यापेक्षा जास्त कळतं, कारण काय करता आलं आणि काय अडलं ते यात आहे.

दुखणं उसळलं की वही घेऊन मागचे दोन दिवस वाचा. झोप कमी झाली होती का? एकाच जागी फार वेळ बसणं झालं का? एखादी गोळी चुकली का? घरात ताणतणाव, सर्दी-ताप, प्रवास? झोपेकडे विशेष पाहा. बऱ्या दिवशी जागरण सहज होतं आणि अपुरी झोप दुसऱ्या दिवशीचं दुखणं वाढवते. मात्र एकदा काही घडलं म्हणून तेच कारण धरून बसू नका. तेच पुन्हापुन्हा दिसलं तरच त्यावर बोट ठेवा. नाहीतर हे करायचं नाही, तिथे जायचं नाही, असं करता करता जगणंच आक्रसून जातं.

तासातासाला दुखणं मोजणं हीसुद्धा चूकच आहे. सतत लक्ष तिकडे राहिलं की दुखणं अधिक जाणवतं. संध्याकाळी एकदा लिहा आणि वही मिटा.

'आज बरं आहे' म्हणायची भीती

याबद्दल फार कमी बोललं जातं. रोज कुणीतरी विचारतं, 'आज कसं वाटतंय?' बरं आहे म्हणावं तर लगेच कामं पुढे येतात, आणि दुसऱ्या दिवशी पडून राहिलं की 'काल तर चांगलं हिंडतफिरत होतीस' हे ऐकावं लागतं. म्हणून कितीतरी जण बऱ्या दिवशीही बरं आहे असं म्हणत नाहीत. काही जण याच्या उलट, कुणाला त्रास नको म्हणून रोज 'ठीक आहे' म्हणतात आणि एक दिवस कोसळतात. दोन्हींत माणूस एकटा पडतो.

जवळच्या माणसांशी एकदा शांतपणे बसून बोला, तेही दुखणं उठलेलं नसताना. दुखणं चढतं-उतरतं, काल चाललो म्हणजे आज चालता येईलच असं नाही, आणि यात नाटक नाही, हे स्पष्ट सांगा. त्यानंतर रोजच्या उत्तरात दुखण्याच्या वर्णनाऐवजी कामाची गोष्ट सांगा : 'आज बरं आहे. बसून होईल ते करेन, पण वजन उचलणार नाही.' किंवा 'आज जमणार नाही, संध्याकाळी तासभर कुणी थांबलं तर बरं होईल.' समोरच्याला नेमकं काय करायचं ते कळतं, आणि बहुतेक माणसं तेवढं करतातही. दूरच्या माणसाला 'चाललंय' पुरे. प्रत्येकाला सगळा तपशील देण्याचं ओझं तुमच्यावर नाही.

घरच्यांनीही एक सांभाळावं. बरा दिवस दिसला की 'बघ, मनावर घेतलं की जमतं' असं म्हणू नये. त्या एका वाक्याने माणूस पुढच्या वेळी मोकळेपणाने हसायलाही बिचकतो.

बरं वाटलं म्हणून गोळ्यांत फेरफार

नसांच्या दुखण्यासाठी दिलेल्या प्रेगाबालिन, गॅबापेंटिन, ड्युलोक्सेटिन, अ‍ॅमिट्रिप्टिलीन यांसारख्या गोळ्या बरं वाटतंय म्हणून एकदम बंद करू नका. त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू उतरवतात, नाहीतर घाम, मळमळ, झोप उडणं, अस्वस्थपणा असे त्रास होऊ शकतात.

दुसरी चूक बाहेर जायच्या दिवशी होते. त्रास नको म्हणून आधीच आयब्युप्रोफेन आणि वर डायक्लोफिनॅकही घेतलं जातं. दोन्ही एकाच गटातली औषधं. एकत्र घेतल्याने गुण वाढत नाही, पोट आणि मूत्रपिंडांचा धोका मात्र वाढतो. पॅरासिटामॉलची मर्यादा प्रौढांसाठी दिवसाला जास्तीत जास्त ४ ग्रॅम, आणि अशक्त व्यक्ती किंवा यकृताचा त्रास असलेल्यांसाठी त्याहून कमी. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही ते असतं, तेव्हा वेष्टन वाचून बेरीज करा. डोकेदुखीचा मूळ त्रास असलेल्यांनी तर महिन्याचा हिशेब ठेवावाच : साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात १५ किंवा अधिक दिवस, ट्रिप्टान (अर्धशिशीवरच्या गोळ्या) किंवा एकाहून जास्त औषधं असलेल्या मिश्र गोळ्या १० किंवा अधिक दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं, तर गोळ्यांमुळेच डोकं दुखू लागतं.

रिपोर्टातल्या शब्दांना घाबरून बसणं

एमआरआयमध्ये 'मणक्याची झीज' वाचलं की बऱ्या दिवशीही माणूस हलायला घाबरतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात पाठ अजिबात न दुखणाऱ्यांच्या तपासण्या पाहिल्या होत्या. दोन मणक्यांमधल्या चकतीची झीज विशीतल्या ३७ टक्के, पन्नाशीतल्या ८० टक्के आणि ऐंशीच्या ९६ टक्के लोकांत दिसली. तेव्हा त्या एका शब्दावरून चालणं बंद करू नका. तुमच्या बाबतीत त्याचा अर्थ काय, हे तपासणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा.

नवं लक्षण जुन्या दुखण्याच्या खात्यावर टाकणं

दुखण्याची सवय झाली की माणूस सगळंच सोसून नेतो, आणि यात धोका आहे. लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, लघवी अडणं, मांड्यांच्या आतल्या बाजूला व बैठकीच्या जागी बधिरपणा येणं, हातापायांतली ताकद अचानक जाणं, किंवा कधी नव्हे एवढी तीव्र डोकेदुखी क्षणात सुरू होणं, यातलं काहीही झालं तर थेट तातडीच्या विभागात जा. दुखण्यासोबत ताप येत असेल, कारण नसताना वजन उतरत असेल, किंवा पूर्वी कर्करोग झालेला असताना नवी हाडदुखी सुरू झाली असेल, तर पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना गाठा. तिथे जुनी फाइल उघडायच्या आधी पहिलंच वाक्य हे सांगा : 'हे माझं नेहमीचं दुखणं नाही.' कधीपासून आणि काय वेगळं आहे ते लगेच पुढे जोडा, आणि वहीतली त्या आठवड्याची पानं समोर ठेवा.