आलाप ऐकू यावा, तान फाटू नये: घरच्या रेकॉर्डिंगसाठी माइकची लेव्हल कशी लावावी

ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या मराठी घरांत तानपुऱ्याशेजारी आता लॅपटॉपही उघडलेला दिसतो. कुणाला रियाझ गुरुजींना पाठवायचा असतो, कुणाला आजीकडच्या जुन्या बंदिशी जपून ठेवायच्या असतात. १९१८ पासून चालत आलेल्या माधव संगीत महाविद्यालयात शिकणारी मुलंही घरी आपलं गाणं टिपून ऐकतात. तक्रार बहुतेकांची एकच: आलाप ऐकू येत नाही आणि तान आली की आवाज फाटतो. ग्वाल्हेरची गायकी मोकळ्या, खणखणीत आवाजाची. मंद्रातली आलापी आणि तार षड्जाकडे झेपावणारी सपाट तान यांच्या जोरात फार फरक असतो. लेव्हल आलाप ऐकून लावली, तर तान फाटणारच.

आधी हातातला माइक कोणता ते पाहा. डायनॅमिक माइकचा सिग्नल अशक्त असतो, त्याला गेन, म्हणजे सिग्नल वाढवण्याचं प्रमाण, बराच द्यावा लागतो. हळू गाणाऱ्यासाठी ५०-६० डीबी (डेसिबल) गेनसुद्धा लागतो. कंडेन्सर माइकचा सिग्नल बराच तगडा, पण त्याला ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे केबलमधूनच माइकला मिळणारी वीज, हवी. ती चालू करताना गेन शून्यावर आणि स्पीकर बंद ठेवा. माइक एक्सएलआर (तीन पिनांच्या) केबलनेच इंटरफेसच्या, म्हणजे माइक आणि लॅपटॉप यांना जोडणाऱ्या डबीच्या, माइक इनपुटला जोडा, लाइन इनपुटला नाही. लॅपटॉपच्या हेडफोन सॉकेटात माइक घुसवून चांगल्या आवाजाची अपेक्षा करू नये. पैसे मोजकेच असतील तर महागड्या माइकआधी साधा दोन चॅनेलचा इंटरफेस घ्यावा, असं माझं ठाम मत आहे.

आता अंतर. गेनच्या बटणाला हात लावण्याआधी गायकाला नीट बसवा. तोंड आणि माइक यांत एक ते दीड वीत पुरे. अंतर निम्मं केलं की सिग्नल साधारण ६ डीबीने वाढतो, आणि ही वाढ फुकटची असते, कारण तिच्याबरोबर खोलीचा गोंगाट वाढत नाही. गेन वाढवला की मात्र पंखा, कूलर, खालच्या गल्लीतली स्कूटर, सगळंच वर येतं. फार जवळही जाऊ नका, खर्ज उगाच फुगतो. माइक तोंडासमोर नेमका न धरता किंचित बाजूला ठेवला तर ‘प’, ‘फ’, ‘भ’चे फटके बसत नाहीत. मे महिन्यात ग्वाल्हेरमध्ये कूलर बंद करा म्हणणं क्रूरपणाचं आहे, म्हणून उन्हाळ्यात पहाटेच रेकॉर्डिंग उरकावं.

मग गेन. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये २४ बिट (आवाज किती बारकाईने मोजायचा त्याचं माप) निवडा. विंडोजमधला माइक बूस्ट आणि आपोआप लेव्हल बदलणारी सोय असेल तर तीही बंद करा. नाहीतर आलापात मशीन आवाज वर खेचतं आणि तानेत दाबून टाकतं. ‘हॅलो, हॅलो’ म्हणून लेव्हल कधीच लावू नका. गायकाला सगळ्यात जोरकस तान, पूर्ण दमाने गायला सांगा. गेन शून्यापासून हळूहळू चढवा आणि मीटरची उंच उडी उणे १२ डीबीच्या आसपास आली की थांबा; मीटरवर शून्य ही कमाल मर्यादा. बैठक रंगली की माणूस चाचणीपेक्षा जोरात गातो, शून्यापर्यंत उरलेली ही जागा त्याच्यासाठी.

सरासरी आवाज उणे १८ किंवा त्याहून खाली दिसेल. दिसू द्या. कॅसेटच्या जमान्यात टेपच्या सुसकाऱ्यावर मात करायला लेव्हल चढी ठेवावी लागे, ती सवय अजून अनेकांच्या हातात आहे. २४ बिटमध्ये सगळ्यात हळू ते सगळ्यात मोठ्या आवाजापर्यंत कागदावर १४४ डीबीचा पल्ला मिळतो, १६ बिटमध्ये ९६. हळू टिपलेलं नंतर वाढवता येतं. शून्याच्या वर मात्र मोजायला आकडाच नाही, तिथे लहरीचं डोकं सपाट कापलं जातं, आणि मागून आवाज कमी केला तरी फाटलेपण जात नाही.

कधीकधी स्क्रीनवर लहर लहान दिसते, तरी तिचं डोकं सपाट असतं. याचा अर्थ आवाज इंटरफेसमध्येच फाटतोय. सॉफ्टवेअरची पट्टी खाली ओढून काही होणार नाही, इंटरफेसवरचा गेन उतरवा. गेन अगदी कमी करूनही लाल दिवा लागत असेल तर माइकवरचा किंवा इंटरफेसवरचा पॅड, म्हणजे सिग्नल कमी करणारं बटण, दाबा. पॅड नसेल तर माइक मागे सरकवा.

तबल्याची चाट मीटरवर क्षणात वर जाते आणि तितक्याच झटकन खाली येते. तिथेही उंच उडीच पाहा, सरासरी कमी दिसली म्हणून गेन वाढवू नका. कार्डिऑइड (समोरचं जास्त आणि पाठीमागचं कमी टिपणाऱ्या) माइकची पाठ पेटीकडे आणि इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याकडे करा, म्हणजे गळा त्यांच्याखाली दबणार नाही. घुंऽऽ असा आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर ऐकून पाहा, पुष्कळदा गुन्हेगार तोच असतो.

शेवटी मिनिटभराचा तुकडा टिपा. त्यात मंद्रातला सा आणि तान दोन्ही हवेत. हेडफोन लावून ऐका. पटलं की गाणं संपेपर्यंत गेनला हात नाही. आलाप फारच मागे राहत असेल तर गायकाने तानेच्या वेळी जरासं मागे रेलावं, किंवा नंतर ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये तेवढाच भाग उचलावा. बटण कुठे होतं याचा मोबाइलवर फोटो काढा आणि आसनाच्या जागी फरशीवर चिकटपट्टी लावून ठेवा. गायक आणि माइक तेच असले, तर पुढच्या वेळी पाचच मिनिटांत बसता येईल.